पियानो आधी, कार्यक्रमपत्रिका नंतर : कोल्हापुरातल्या एका घरगुती व्हायोलिन-पियानो मैफलीचा प्रकरण अभ्यास

ऑगस्टमधला शनिवार, संध्याकाळचे साडेसहा. मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्याचा तळमजल्यावरचा दिवाणखाना, साठ श्रोते, तेवीस वर्षांची व्हायोलिनवादक आणि पंचवीस वर्षांचा पियानोवादक. माइक नाही, स्पीकर नाही. मुलगी मूळची कोल्हापूरची, शिकायला मुंबईत, मुलगा गोव्याचा. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची पूर्ण लांबीची बैठक दोघांनी मिळून याआधी कधी केली नव्हती. तयारीला पाच आठवडे होते आणि ते सगळे पावसाळ्याचे.

कोल्हापूरला बैठकीचं संगीत नवं नाही. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी इथे आश्रय दिला, देवल क्लबच्या बैठका पिढ्यान्‌पिढ्या चालल्या, गोविंदराव टेंबे याच गावचे. छोट्या खोलीत जवळ बसून ऐकणं इथल्या कानाला ठाऊक आहे. नवा होता तो पियानो. तंबोरा बैठकीत बसून मिळवता येतो, व्हायोलिन मंचावर मिळवता येतं. पियानोच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा मात्र वादकाच्या हातात नसतात. त्या आदल्या दिवशी जशा सोडल्या तशाच कार्यक्रमात वाजतात. या मैफलीतला जवळजवळ प्रत्येक निर्णय शेवटी पियानोपाशी येऊन थांबला. तरी आयोजकांनी पहिल्या आठवड्यात सुरुवात कार्यक्रमपत्रिकेपासूनच केली, आणि तिथेच गाडी चुकली.

पहिली पत्रिका का बदलली

दोघांना सेझार फ्रांकचा ए मेजर सोनाटा (१८८६), म्हणजे अनेक भागांची मोठी वाद्यरचना, वाजवायचा होता. अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांची रचना, दोघांच्या हातात बसलेली. पण ती लिहिली आहे मोठ्या ग्रँड पियानोसाठी. वाड्यात होता तो उभा पियानो, कुटुंबाचा, बरीच वर्षं न मिळवलेला. फ्रांकच्या दुसऱ्या भागात डाव्या हाताला सतत धावते, जाड स्वरसमूह आहेत. उभ्या पियानोचा खर्ज आखूड तारांमुळे मुळात गढूळ असतो, आणि या खोलीत तो कोपऱ्यात साचत होता. पहिल्या तालमीत तिसऱ्या रांगेच्या जागी उभं राहिलं की व्हायोलिनची सगळ्यात खालची, 'जी' स्वराची तार ऐकूच येत नव्हती. पियानोवादकाने हळू वाजवून पाहिलं. आवाज कमी झाला, गढूळपणा तसाच राहिला.

फ्रांक काढून दोन सोनाटा घेतले : बेटहोव्हेनचा एफ मेजर, ओपस २४ (१८०१), सुमारे चोवीस मिनिटं, आणि मोझार्टचा ई मायनर, के. ३०४ (१७७८), तेरा मिनिटं. ओपस आणि के. हे रचनांचे यादीतले क्रमांक. शेवटी बार्टोकची रोमानियन लोकनृत्यं, सात मिनिटांच्या आत संपणारी सहा छोटी नृत्यं. बार्टोकने ती १९१५ मध्ये पियानोसाठी लिहिली. व्हायोलिन-पियानोचं रूपांतर झोल्टान सेकेईचं. मोझार्ट-बेटहोव्हेनच्या काळातले पियानो हलक्या चौकटीचे, स्वच्छ खर्जाचे होते, म्हणून त्यांचं लेखन पातळ आहे आणि साध्या उभ्या पियानोवरही ते उघडं, स्पष्ट राहतं.

मात्र आवाजाच्या तोलाचा प्रश्न सुटला तसा सुराचा उघडा पडला. के. ३०४ ची सुरुवातच अशी आहे की व्हायोलिन आणि पियानो एकच धून सप्तकाच्या अंतराने, बिनसाथीची वाजवतात. लपायला जागा नाही. दोन वाद्यांत थोडासाही फरक असला तर पहिल्या दहा सेकंदांत कुणाच्याही कानाला टोचतो, पाश्चात्त्य संगीत कधी न ऐकलेल्याच्याही.

पियानो : ४३६ वरून ४४० कडे

जूनच्या शेवटी पियानो तपासला तेव्हा मधला 'ए' हा स्वर प्रमाण ४४० हर्ट्‌झऐवजी ४३६ च्या जवळ होता. अर्धस्वराचे शंभर भाग म्हणजे सेंट धरले तर सुमारे सोळा सेंट खाली. व्हायोलिन ४३६ ला उतरवता येतं, पण चिंता आकड्याची नव्हती. पियानो सगळीकडे सारखा उतरलेला नव्हता, आणि पावसाळ्यात तो पुन्हा हलणार हे नक्की होतं.

दमट हवेत पियानोचा ध्वनिफलक, म्हणजे तारांमागची पातळ लाकडी फळी, ओल पितो आणि त्याची फुगवट वाढते. फलकावर घोडी असते, घोडीवरून तारा जातात. फलक वर उचलला की तारांवरचा ताण वाढतो आणि सूर चढतो. सगळ्यात जास्त चढतात मधली सप्तकं. खर्जाच्या तांबं गुंडाळलेल्या तारा वेगळ्या घोडीवर असतात, त्या फारशा हलत नाहीत; अगदी वरचे स्वरही कमी हलतात. म्हणजे जूनमध्ये नीट मिळवलेला पियानो ऑगस्टमध्ये नुसता चढत नाही, मधोमध वाकतो. डावा हात एका पट्टीत आणि उजवा दुसऱ्या पट्टीत वाजतो आहे असं वाटतं ते त्यामुळे.

गोव्याहून आलेल्या ट्यूनरने दोन गोष्टी सुचवल्या. एक, तारा जुन्या आहेत, टोकाशी गंज आहे. एका दमात ४४० पर्यंत ओढल्या तर एखादी तुटेल, आणि न तुटलेल्याही आठवडाभर खाली सरकत राहतील. दोन, पावसाचा चढ आपल्या बाजूने वापरावा. पहिल्या भेटीत, कार्यक्रमाच्या चार आठवडे आधी, त्याने पियानो ४३८ ला आणला : आधी सगळ्या तारा भराभर वर घेतल्या, मग दुसऱ्या फेरीत बारीक मिळवल्या. तीन तास लागले. दुसरी भेट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. तोवर मधली सप्तकं आपणहून सात-आठ सेंट चढून ४४० च्या आसपास आली होती. त्याने त्यांना फारसा हात लावला नाही. खर्ज आणि वरचा भाग त्यांच्या पातळीला आणला. मधला भाग खाली ओढून बाकीच्यांशी जुळवला असता तर काम दुप्पट झालं असतं आणि रात्रीत सरकण्याची भीतीही. हा आमच्या मते संपूर्ण तयारीतला सर्वांत शहाणा निर्णय होता.

दुसऱ्या भेटीची तारीख ठरवताना एक दिवस राखून ठेवला होता. पावसात आंबोली घाटात दरड आली की गाडी अडते. ट्यूनर शनिवारी सकाळी येणार असता तर सगळा कार्यक्रम घाटाच्या भरवशावर राहिला असता.

या चार आठवड्यांत ओल आटोक्यात राहावी म्हणून पियानोच्या पोटात, खालची फळी काढून, २५ वॉटची तापक सळई बसवून रात्रंदिवस चालू ठेवली. जुन्या घरांत यासाठी साधा बल्ब लावत. तो लाकडापासून वीतभर तरी लांब हवा आणि वायर उंदरांपासून जपायला हवी. सळईचा उपयोग सतत चालू ठेवली तरच. कार्यक्रमाच्या दिवशी खोलीत एसी लावून 'हवा कोरडी करू' हा बेत वेळेवर रद्द केला ते बरं झालं. काही तासांत हवा बदलली की आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया जाते.

पियानोच्या, बोटांनी दाबायच्या, पाच पट्ट्या अडकत होत्या. तीन पट्ट्यांखालच्या लोकरी कापडाचं अस्तर फुगलं होतं. ट्यूनरने चिमट्याने ते हलकेच दाबलं. दोन पट्ट्या पुढच्या लाकडी फळीला घासत होत्या; त्या फळीच्या मागे पोस्टकार्डाएवढ्या जाडीचा पुठ्ठा सरकवला आणि काम झालं.

दोन वाद्यांचा सूर

व्हायोलिनवादक 'ए' घेऊन बाकी तारा शुद्ध पंचमाने मिळवते. शुद्ध पंचम ७०२ सेंटचा, पियानोचा ७०० चा. 'ए' वरून दोन पंचम खाली आलं की तिची रिकामी 'जी' तार पियानोच्या 'जी'पेक्षा चार सेंट खाली बसते, आणि ई दोन सेंट वर. एकटं वाजवताना हे कळत नाही. पियानोसोबत 'जी' तार रिकामी वाजली की कळतं. हार्मोनियमवर गायकांची जी जुनी तक्रार आहे तीच ही, फक्त इथे गायकाच्या जागी व्हायोलिन आहे. तालमीत शिस्त ठरली : 'ए' पियानोवरून घ्यायचा, मग 'जी' तार पियानोच्या 'जी'शी ताडून पाहायची आणि पंचम किंचित अरुंद ठेवायचे.

दुसरी सवय मोडणं अवघड गेलं. ई मायनरमध्ये डी शार्प म्हणजे आपल्या भाषेत शुद्ध निषाद, षड्जाकडे ओढ घेणारा. व्हायोलिनवादक तो नकळत चढा लावतात आणि एकट्या सुरावटीत तो गोडही लागतो. पियानो तीच धून सोबत वाजवत असेल तिथे मात्र तो चढा स्वर बेसूरच ठरतो. दोन दिवस त्यांनी नुसती सुरुवातीची वाक्यं वाजवली, अतिशय संथ, कंप न देता. कंप दिला की चूक झाकली जाते आणि ती नेमकी कुठे आहे ते कानाला सापडत नाही.

व्हायोलिनला पावसाचा वेगळा त्रास. खुंट्या फुगून घट्ट बसतात. जोर लावून फिरवली की तार एकदम तुटते. गजाचे केस ओल्या हवेत लांबतात आणि स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी ताण येत नाही. तिने केस जरा आखूड बांधलेला दुसरा गज सोबत ठेवला होता. नव्या तारा पाच दिवस आधी लावल्या, कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे. नवी तार बसेपर्यंत खाली उतरत राहते.

खोली

दिवाणखाना चाळीस बाय पंचवीस फूट, उंची तेरा. शहाबादी फरशी, चुन्याच्या भिंती, लाकडी तक्तपोशी. रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की आवाज दोन सेकंदांहून जास्त रेंगाळत होता. माणसं बसली की हे बदलतं : खोलीचं घनफळ सुमारे ३६८ घनमीटर, एक बसलेला माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज शोषतो असं धरलं तर साठ माणसांनी घुमारा जवळजवळ निम्मा होऊन एक सेकंदाच्या थोडा वर येतो. म्हणजे रिकाम्या खोलीत तालीम करून ठरवलेलं पेडल (स्वर रेंगाळत ठेवणारी पायपट्टी) भरलेल्या खोलीत कोरडं ठणठणीत वाजणार.

यावर उपाय घरातलाच निघाला. खुर्च्यांवर पंचवीस-तीस वाकळा आणि घोंगडी टाकून शेवटच्या दोन तालमी केल्या. संपूर्ण गर्दीइतकं शोषण होत नाही, पण कान योग्य बाजूला तयार होतो. पियानोवादकाने त्याच्या प्रतीवर पेडलच्या दोन खुणा केल्या : पेन्सिलीने रिकाम्या खोलीच्या, लाल शाईने भरलेल्या खोलीच्या.

पियानो आधी कोपऱ्यात, पाठ भिंतीला टेकून होता. उभ्या पियानोचा बराचसा आवाज पाठीतून येतो. भिंतीला टेकला की खर्ज फुगतो आणि वरचे स्वर घुसमटतात. तो कोपऱ्यातून अडीच फूट बाहेर काढला आणि तिरपा केला. अशा पियानोचं वजन दोनशे किलोच्या वर असतं. त्याच्या लहान चाकांवरून शहाबादीच्या सांध्यांवर ढकलला की पाय मोडतो, म्हणून चार जणांनी पट्ट्यांनी उचलून ठेवला. पाठीमागे एक वाकळ सैल टांगली. वरचं झाकण अर्धं उघडलं. बंद झाकणाने पियानो 'हळू' होतो हा गैरसमज आहे. तो मंद होतो, आणि वादक भरपाई म्हणून आणखी जोरात वाजवतो.

व्हायोलिनवादक पियानोच्या उजव्या टोकाशी, तीन फूट पुढे, उजवा खांदा श्रोत्यांकडे करून उभी राहिली. व्हायोलिनच्या छातीवरची छिद्रं वादकाच्या उजवीकडे उघडतात, त्यामुळे आवाज थेट श्रोत्यांकडे जातो. पियानोवादकाला तिचा चेहरा दिसत नाही, पण खांदा आणि गज दिसतो, आणि एकत्र सुरू करायला तेवढं पुरतं.

पहिल्या दोन रांगा जाजमावर गाद्या टाकून, मागे खुर्च्या. पुढच्या गादीपासून व्हायोलिन सहा फुटांवर. मधली वाट चार फूट मोकळी ठेवली. आग लागली तर साठ माणसं एका दारातून बाहेर पडायची आहेत.

नको असलेले आवाज

यादी लांब निघाली. ट्यूबलाइटचा चोक १०० हर्ट्‌झला गुणगुणतो, आणि पियानोचा खालचा 'जी' ९८ हर्ट्‌झचा. दोघं एकत्र आले की सेकंदाला दोन ठोके पडतात आणि आवाज थरथरतो. सगळ्या ट्यूब बंद करून पिवळे दिवे लावले. छताचे पंखे पहिल्या वेगावर, वादकांवरचा पूर्ण बंद. नाहीतर पानं उडतात. पानं उलटायला शेजारी एक विद्यार्थिनी बसवली. तिला दोन तालमींना बोलावलं, कारण बेटहोव्हेनच्या पहिल्या भागात पुनरावृत्तीसाठी पानं मागे उलटायची असतात आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. खरेदी केलेली छापील स्वरलिपीच वापरली. सेकेईचं निधन २००१ मध्ये झालं, म्हणजे त्याचं रूपांतर भारतीय कायद्याने अजून हक्कांत आहे.

वाड्याच्या चौकावरच्या पत्र्यावर पाऊस पडला की आत बोललेलं ऐकू येत नसे. पत्र्यावर गोणपाट दुहेरी अंथरून दोरीने बांधलं. थेंबांचा ताडताड आवाज गेला, धो धो पावसाचा राहिला. त्यावर इलाज नाही.

आणि गल्लीतलं तालीम मंडळ. गणपतीला काही आठवडेच उरलेले, रोज संध्याकाळी हलगीचा सराव. आयोजकांपैकी एक ताई आठवडाभर आधी तिथे गेल्या. "दादा, शनिवारी साडेसहा ते आठ तेवढी हलगी थांबवाल का?" उत्तर आलं, "आठ कशाला, साडेआठ म्हणा की ताई. पोरं साडेआठलाच गोळा हुतील." चार मुलं ऐकायलाही आली आणि गाडीवाल्यांना गल्लीच्या तोंडाशी थांबवण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. अशी विनंती फोनवर किंवा चिठ्ठीने करू नये, स्वतः जाऊन करावी.

प्रत्यक्ष संध्याकाळ

पावणेसहाला दार उघडलं. ओल्या छत्र्या आणि रेनकोट देवडीतच ठेवून घेतले. साठ भिजलेली माणसं आत आली तर खोलीतला ओलावा अर्ध्या तासात वाढतो आणि व्हायोलिनचा सूर हलतो.

क्रमावर आदल्या दिवशीपर्यंत वाद होता. मूळ बेत मोझार्टने उघडायचा. ट्यूनर आणि पियानोवादक दोघांनी विरोध केला, तो योग्य होता : पहिल्या पाच मिनिटांत बोटं थंड, तारा खोलीच्या उष्णतेला जुळवून घेत असतात, श्रोते सावरून बसत असतात, आणि के. ३०४ ची ती उघडी सुरुवात नेमकी तेव्हा आली असती. बेटहोव्हेनची सुरुवात क्षमाशील आहे. पियानो मोकळे स्वर उलगडत राहतो आणि व्हायोलिनची लांब ओळ त्यावर तरंगते. तो पहिला ठेवला. मध्ये व्हायोलिन पुन्हा मिळवून मोझार्ट, मग चहा, शेवटी बार्टोक.

प्रत्येक रचनेआधी दीड मिनिट मराठीत बोलायचं ठरलं होतं. बेटहोव्हेनच्या तिसऱ्या भागाविषयी सांगणं तर गरजेचंच होतं. एका मिनिटाच्या त्या गमतीशीर भागात व्हायोलिन मुद्दाम पियानोच्या एक मात्रा मागे पडल्यासारखं लिहिलं आहे. तालमीला आलेल्या एका तबलावादकाने "पोरगी हुकतेय" असं म्हटलं होतं. आधी दोघांनी तो तुकडा वाजवून दाखवला. मग प्रत्यक्षात तो आला तेव्हा मागच्या रांगेतून हसू उमटलं, बरोबर त्या जागी. टाळ्यांबद्दल एवढंच सांगितलं की सोनाट्याचे भाग एका रागाच्या विलंबित-द्रुतसारखे जोडलेले आहेत, शेवटी टाळ्या दिल्या तर सलगता राहते. तरी पहिल्या भागानंतर टाळ्या आल्याच. व्हायोलिनवादकाने हसून मान लववली आणि पुढे गेली. श्रोत्यांना ओशाळं करून शिस्त लावण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

मोझार्टचं सुरुवातीचं वाक्य साफ आलं. चूक झाली ती वेगळीच : भरलेल्या खोलीच्या लाल खुणा पियानोवादकाने पहिल्या दोन पानांवर पाळल्या नाहीत, पेडल कमी पडलं आणि आवाज कोरडा राहिला. तिसऱ्या पानापासून सावरलं.

मोझार्ट संपता संपता, सव्वासातच्या पुढे, पावसाची मोठी सर आली. बार्टोकच्या तिसऱ्या नृत्यात व्हायोलिन जवळजवळ संपूर्ण वेळ कृत्रिम हार्मोनिक्सवर चालतं : एक बोट घट्ट दाबून, दुसरं तारेला नुसतं टेकवून निघणारा बासरीसारखा क्षीण, उंच स्वर. तो पावसात बुडाला असता. चहाची पंधरा मिनिटं पंचवीस केली. कुणी तक्रार केली नाही. चार जण पियानोचं पोट बघायला जमले आणि ट्यूनरने समोरची वरची फळी काढून त्यांना हातोडे दाखवले. सर ओसरल्यावर पंखे सगळे बंद केले आणि सहाही नृत्यं सलग झाली. तिसऱ्या नृत्यात खोलीत चौकातल्या पागोळ्यांचा आवाज आणि तो हार्मोनिक, एवढंच होतं.

खर्च आणि नंतर

पैशांचा क्रम महत्त्वाचा. आधी दोन्ही वादकांचं मानधन, मग ट्यूनरच्या दोन भेटी आणि प्रवास, मग खुर्च्या, चहा, छपाई. फुलांची सजावट आणि बॅनर शेवटी राहिले आणि पैसे नव्हते म्हणून गेले. नवोदितांना 'संधी दिली' म्हणून फुकट वाजवून घेण्याची पद्धत चुकीची आहे. महिनाभराचा रियाज त्यांनी या एका संध्याकाळीसाठी दिला होता. प्रवेशिका नव्हती, दारात देणगीची पेटी होती. तिच्यातून खर्चाचा मोठा भाग निघाला, उरलेला तीन घरांनी वाटून घेतला.

रविवारी सकाळी पियानो पुन्हा मोजला. मधला 'ए' दोन सेंट उतरला होता, खर्ज जागच्या जागी. सळई पाऊस संपेपर्यंत चालू ठेवायची आहे. जानेवारीत हवा कोरडी पडली की फलक बसेल आणि मधली सप्तकं पुन्हा उतरतील, म्हणून तिसरी भेट तेव्हाच ठरवली आहे. फ्रांक वाजवायचाच असेल तर त्याआधी खर्जाच्या तारा बदलाव्या लागतील. त्यांची मापं ट्यूनर घेऊन गेला आहे.